खाते कोणाचे, जबाबदारी कोणाची?

घरफोडी झाली की गावात चर्चा होते ती चोराची. संगणकावरील खाते फोडले गेले की चर्चा होते ती ज्याचे खाते फोडले गेले त्याच्या भाबडेपणाची. बँकेच्या खिडकीवर, पोलीस ठाण्यात, शिक्षकांच्या खोलीत, एवढेच नव्हे तर खुद्द घरातही त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की पासवर्ड कोणाला सांगितला होता? शिकलेल्या माणसाला ही शरम अधिकच जाचते आणि त्यापायी कित्येक जण तक्रार नोंदविण्याच्याही फंदात पडत नाहीत. खातेदाराने सावध राहावे, हा उपदेश बँका, मोबाइल कंपन्या आणि सरकारी कार्यालये अहोरात्र करीत असतात. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु खात्याची सुरक्षितता ही सर्वस्वी खातेदाराच्या सावधपणाची बाब आहे, हे जे त्यामागील गृहीत आहे, ते मात्र एकदा तपासून पाहिले पाहिजे. कारण ते मान्य केले की नुकसानाची जबाबदारीही आपोआप खातेदाराच्या माथी येते. आणि कुलूप व तिजोरी ही दोन्ही ज्यांच्या ताब्यात आहेत ते नामानिराळे राहतात.

खात्याचा बदललेला अर्थ

'खाते' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. वाण्याच्या वहीत, पोस्टाच्या पुस्तकात आणि पतपेढीच्या खतावणीत त्याचे खाते पिढ्यान्पिढ्या होतेच. परंतु त्या खात्यात नोंद असे ती केवळ पैशाची. माणूस स्वतः त्या वहीबाहेर असे. आज ही स्थिती राहिलेली नाही. शिक्षकाच्या वेतनाचे देयक 'शालार्थ' प्रणालीतून निघते. विद्यार्थ्याची नोंद 'यू-डायस'मध्ये होते आणि त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरला जातो. निवृत्त कारकुनाला आपण हयात असल्याचा दाखला 'जीवन प्रमाण'मार्फत देता येतो. यांपैकी बऱ्याच ठिकाणी माणसाची ओळख पटते ती त्याच्या चेहऱ्यावरून वा सहीवरून क्वचितच. बहुतेक वेळा ती पटते परवलीच्या शब्दावरून आणि मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांवरून. ज्याच्या हाती ते आकडे, तोच त्या घटकेपुरता तो माणूस.

यांतही ई-मेलचे खाते विशेष महत्त्वाचे. अन्य कोणत्याही खात्याचा पासवर्ड विसरला, तर नवा पासवर्ड ठरविण्याची सोय बहुधा या खात्यावरूनच होते. म्हणजे ते केवळ पत्रव्यवहाराचे साधन नसून साऱ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. तो हाती लागलेल्या चोराला इतर कुलपे फोडावी लागत नाहीत. ती रीतसर उघडता येतात.

पैशाच्या खात्याबरोबरच शब्दांचेही खाते असते, याची दखल मात्र सहसा घेतली जात नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी ब्लॉगांची लाट आली. निवृत्त शिक्षकांनी गावाच्या आठवणी लिहिल्या, विद्यार्थ्यांनी कविता लिहिल्या, अमेरिकेत आणि आखातात राहणाऱ्यांनी परदेशातील संसाराचे अनुभव लिहिले. या लेखनाला प्रकाशक नव्हता, संपादक नव्हता आणि बहुतेक वेळा छापील प्रतही नव्हती. असा ब्लॉग कोणी बळकावला, त्यातील मजकूर पुसून टाकला अथवा त्याच्या आडोशाने वाचकांच्या संगणकांत अपायकारक सांकेतिक मजकूर घुसविला, तर लेखकाचे दुहेरी नुकसान होते. त्याचे लेखन जाते, आणि त्याच्या नावावर विश्वासून आलेल्या वाचकाला अपाय झाल्याने त्याची पतही जाते. बँकेतून गेलेल्या रकमेचा आकडा तरी सांगता येतो. दहा वर्षांच्या लेखनाची किंमत कोणत्या तक्ररपत्रात लिहावयाची?

खाती जातात कशी?

खातेदाराच्या गाफीलपणामुळे काही खाती जातात, हे निर्विवाद आहे. परंतु गेल्या काही दशकांतील मोठ्या घटनांवर नजर टाकली, तर निराळेच चित्र दिसते. २००९ साली 'रॉकयू' नावाच्या अमेरिकी कंपनीच्या संगणकांतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. कंपनीने ते कोणत्याही संस्काराविना, जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत साठविले होते. यादीत सर्वाधिक वेळा आढळलेला पासवर्ड '१२३४५६' हा होता, यावर त्या वेळी बरीच करमणूक झाली. पण ज्याने तीस अक्षरांचा अवघड पासवर्ड योजला होता, त्याचाही पासवर्ड त्याच यादीत उघडा पडला, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. २०१३ साली 'याहू'वर घाला पडला. त्यात आपली तीनशे कोटींच्या घरातील सर्वच खाती सापडली होती, ही कबुली कंपनीने दिली ती २०१७ च्या ऑक्टोबरात. मधल्या बहुतेक काळात खातेदाराने कितीही सावध राहायचे ठरविले असते, तरी कशापासून सावध राहायचे हे त्याला ठाऊक नव्हते.

पासवर्ड उघडे साठवू नयेत, हे ज्ञान काही नवे नव्हते. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची रीत सांगितली होती. पासवर्डावर एकेरी गणिती प्रक्रिया करावी, म्हणजे मूळ शब्दावरून साठविलेला मजकूर बनविता येतो, पण साठविलेल्या मजकुरावरून मूळ शब्द उलगडता येत नाही. आणि प्रत्येक पासवर्डात काही यदृच्छ अक्षरे मिसळावीत, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवण निराळी होते. योगायोगाची गोष्ट अशी, की याच मॉरिस यांचा मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेल्या एका 'किड्या'ने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्या कार्यक्रमात इतर क्लृप्त्यांबरोबर नेहमीच्या वापरातील सुमारे चारशे शब्दांची एक यादीही होती आणि ती चालवून तो लोकांचे पासवर्ड ओळखू पाहत असे. बापाने सांगितलेले दुखणे लेकाने जगाला दाखवून दिले, असेच म्हटले पाहिजे. इतके होऊनही तीस वर्षांनंतर 'रॉकयू'सारखी कंपनी पासवर्ड उघडे ठेवते, याचा अर्थ अडचण ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान वापरण्याची कंपनीला गरज भासली नव्हती.

अपायकारक मजकुराची कथाही अशीच आहे. २००५ च्या ऑक्टोबरात 'मायस्पेस' या त्या काळी लोकप्रिय असलेल्या स्थळावर १९ वर्षांच्या एका तरुणाने आपल्या पानात काही ओळींचा सांकेतिक मजकूर दडविला. ते पान नुसते पाहणाऱ्याच्याही खात्यात तो मजकूर स्वतःची नक्कल करीत असे. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती त्याने व्यापली. बाधा झालेल्यांनी कोणाला काही सांगितले नव्हते, की काही उतरवून घेतले नव्हते. त्यांनी एक पान पाहिले होते, इतकेच. पानात काय लिहू द्यावे आणि काय गाळावे, हे ठरविण्याचे काम त्या स्थळाचे होते. २००७ साली 'वर्डप्रेस' या ब्लॉगप्रणालीची २.१.१ ही आवृत्ती अधिकृत जागेवरच बदलली गेली आणि तीत बाहेरच्यास आत घेणारी चोरवाट ठेवली गेली. अधिकृत ठिकाणाहूनच वस्तू घ्यावी, हा उपदेश पाळणाराच येथे फसला. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते बँकेच्या यंत्रणेत घुसविलेल्या अपायकारक कार्यक्रमामुळे. बनावट कार्डांनी केलेल्या मागणीला होकार देणारी तितकीच बनावट व्यवस्था चोरांनी मध्येच उभी केली होती. या पाचही घटनांत खातेदाराचा सावधपणा त्याच्या कामी आला नसता.

अर्थशास्त्र काय सांगते?

या प्रश्नाकडे तंत्रज्ञानाच्या नजरेने पाहिले जाते, तसे ते अर्थशास्त्राच्या नजरेनेही पाहिले पाहिजे. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ साली एका निबंधात नेमका हाच मुद्दा मांडला. त्यांनी उदाहरण दिले ते बँकांच्या रोकड देणाऱ्या यंत्रांचे. अमेरिकेत १९७८ साली इलेक्ट्रॉनिक निधी-हस्तांतरणाचा कायदा झाला आणि 'हे पैसे मी काढलेले नाहीत' असे ग्राहकाने म्हटल्यास ते त्यानेच काढले हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आली. ब्रिटनमध्ये हा भार त्या काळी प्रत्यक्षात ग्राहकावर होता. आमचे यंत्र चुकू शकत नाही, असे बँकेने म्हणावे आणि ग्राहकाने गप्प बसावे, हा रिवाज. सकृद्दर्शनी ब्रिटनच्या बँका भाग्यवान वाटतील. घडले उलटेच. तक्रार खरी असो वा खोटी, आपल्याला ती नाकारता येते, हे कळल्यावर बँकांचे कर्मचारी बेफिकीर झाले आणि अफरातफरीला ऊत आला. ज्याला तोशीस लागत नाही तो काळजी घेत नाही, हे सूत्र सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागू नये. परंतु संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार करताना तेच नेमके विसरले जाते.

दुसरा मुद्दा माहितीच्या विषमतेचा. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते, की मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल स्मृती पारितोषिकाचा वाटा मिळाला. पासवर्ड नीट साठविणारी कंपनी आणि उघडे साठविणारी कंपनी यांतील फरक ग्राहकाला बाहेरून दिसत नाही. जो फरक दिसत नाही त्याला तो अधिक दाम मोजणार नाही. आणि ज्याला दाम मिळत नाही त्यावर कंपनी खर्च करणार नाही. सुरक्षिततेचा दर्जा बाजार आपोआप सुधारील, ही आशा म्हणूनच पोकळ ठरते.

तिसरा मुद्दा उपदेशाच्या किमतीचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ साली असा हिशेब मांडला, की सुरक्षिततेविषयीच्या सगळ्या सूचना लोकांनी निष्ठेने पाळायच्या ठरविल्या, तर त्यांचा जो वेळ खर्ची पडेल त्याची किंमत टळलेल्या नुकसानाहून अधिक होईल. लोक सूचना पाळत नाहीत ते आळसामुळे नव्हे. नकळत त्यांनी केलेला तो रास्त हिशेब असतो. सूचना देणाऱ्याला मात्र हा खर्च दिसत नाही, कारण तो त्याच्या खिशातून जात नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घाला, या हुकमाचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या मानक-संस्थेने हा वेळापत्रकानुसार बदलाचा आणि चिन्हांच्या सक्तीचा आग्रह २०१७ साली सोडून दिला आणि पासवर्डाच्या लांबीवर भर दिला. सक्तीने बदल करावयास लावले, की माणूस जुन्याच शब्दाच्या शेवटचा आकडा वाढवितो, हे अनुभवाने कळून चुकले होते. आपल्याकडील कित्येक कार्यालयांत मात्र तो जुना हुकूम अद्याप भक्तिभावाने पाळला जातो, आणि मग बदललेला पासवर्ड लक्षात राहावा म्हणून त्याची चिठ्ठी कळफलकाखाली चिकटविली जाते.

आपल्याकडील स्थिती

भारतात काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्डाने दूरस्थ खरेदी करताना दुसऱ्या पडताळणीची सक्ती रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून केली, आणि पुष्कळ पुढारलेल्या देशांच्या आधी केली. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तर तिने जबाबदारीचे तत्त्वच बदलले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला शून्य तोशीस. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरीही शून्य तोशीस. चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित तोशीस, आणि सर्वसाधारण बचत खात्यासाठी तिची कमाल मर्यादा दहा हजार रुपये. सिद्धतेचा भार बँकेवर. त्याच वर्षाच्या अखेरीस सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक निघाले. अमेरिकेतील जुन्या धड्याचा हा योग्य स्वीकार होता.

परंतु या नियमाला एक दार होते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने गुप्त आकडे दुसऱ्यास सांगितल्यामुळे, नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. फसवणुकीचे तंत्र जसे बदलले तसे हे दार रुंदावत गेले. चोर आता कुलूप फोडीत बसत नाहीत; ते मालकाकडून उघडवून घेतात. लग्नपत्रिका वा वाहतूक-दंडाची नोटीस म्हणून धाडलेली फाइल, वीज तोडण्याची धमकी, 'डिजिटल अटक' नावाचा कायद्यात नसलेला प्रकार, ही सारी त्याची रूपे होत. भयाने वा कपटाने आकडे काढून घेतले गेले, तर त्याला निष्काळजीपणा म्हणावयाचे काय? ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ज्या देशात एके काळी यंत्राचा शब्द अखेरचा मानला जाई, त्याच देशात ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पैसे पाठवावयास लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई देणे सक्तीचे झाले. तिचा भार पैसे पाठविणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मानिम्मा वाटून घ्यावयाचा आहे. चोराचे खाते ज्या बँकेने उघडू दिले तिलाही भुर्दंड बसावा, यातले मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. भाड्याने घेतलेल्या खात्यांवाचून हा धंदा एक दिवस चालणार नाही.

पैशाच्या बाबतीत निदान एवढे तरी झाले. ई-मेल, समाजमाध्यमे आणि ब्लॉग यांच्या बाबतीत मात्र खातेदार जवळजवळ निराधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ आणि ६६-क या कलमांन्वये खाते फोडणे आणि दुसऱ्याची ओळख वापरणे हे गुन्हे आहेत. १९३० या क्रमांकावर आर्थिक फसवणुकीची खबर देता येते. पण चोराला पुढेमागे शिक्षा होणे वेगळे आणि आपले खाते आज परत मिळणे वेगळे. २०२१ च्या नियमांनी माध्यम-कंपन्यांना तक्रार-निवारण अधिकारी नेमावयास लावले आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांच्यावर अपील-समित्याही स्थापन झाल्या. परंतु या व्यवस्थेचा रोख मुख्यतः आक्षेपार्ह मजकूर काढण्यावर आहे. बळकावलेले खाते अमुक इतक्या दिवसांत मूळ मालकाच्या स्वाधीन केलेच पाहिजे, असा स्वतंत्र हक्क खातेदाराला मिळालेला नाही. तो एकाच अर्जाचा रकाना पुन्हा पुन्हा भरीत बसतो आणि त्याला उत्तर देते ते यंत्र.

आक्षेपांचा विचार

भार संस्थांवर टाकला तर खातेदार बेफिकीर होतील, हा पहिला आक्षेप. विम्याच्या अर्थशास्त्रात त्याला महत्त्व आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्यावरील उपायही जुनाच आहे. नुकसानाचा लहानसा वाटा आणि त्वरित खबर देण्याचे कर्तव्य खातेदाराकडे ठेवावे. २०१७ च्या परिपत्रकातील दिवसांची उतरंड नेमकी याच तत्त्वावर बेतलेली होती. शिवाय खाते गमावण्याचा मनस्ताप हा कोणत्याही भरपाईने पुरता भरून निघत नाही. तो हौसेने कोण ओढवून घेईल?

दुसरा आक्षेप असा, की हा खर्च अखेर सर्व ग्राहकांवरच पडेल. पडेलही. परंतु लाखो खात्यांवर विभागलेला चार आण्यांचा भार आणि एका निवृत्त माणसावर कोसळलेले आयुष्याच्या पुंजीचे नुकसान, यांत निवड करावयाची तर समाजाने पहिल्याचीच केली पाहिजे. आणि खर्च संस्थेच्या ताळेबंदात दिसू लागला, की तो कमी करण्याची बुद्धीही तिला होते.

फुकट सेवा देणाऱ्याकडून हमी कसली मागता, हा तिसरा आक्षेप. या सेवा फुकट नाहीत. त्यांचे मोल जाहिरातदार देतात आणि जाहिरातदाराला विकले जाते ते खातेदाराचे लक्ष. चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान पतसंस्था किंवा हौसेने ब्लॉगप्रणालीची सामग्री लिहिणारे स्वयंसेवक यांना असा भार पेलेल काय? स्वयंसेवकांवर तो टाकूच नये. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या सायबर-दृढता कायद्यात नफ्यासाठी माल विकणाऱ्याने ठराविक काळ सुरक्षिततेच्या सुधारणा पुरविल्याच पाहिजेत, असा दंडक घातला आहे आणि विनामूल्य सहकाराने लिहिलेल्या, धंद्यासाठी नसलेल्या प्रणालींना त्यातून वगळले आहे. पतसंस्थांचा प्रश्न महाराष्ट्राने महाराष्ट्राच्या पद्धतीने सोडवावा. ज्या राज्यात साखर कारखान्यांनी आणि दूधसंघांनी एकत्र येऊन शिखर संस्था उभ्या केल्या, तेथे शंभर पतसंस्थांना मिळून एक सक्षम सुरक्षा-यंत्रणा पोसता येणार नाही, असे नाही.

खातेदाराचे कर्तव्य कोणते?

जबाबदारी वाटून घ्यावयाची म्हटल्यावर खातेदाराचा वाटाही स्पष्ट सांगितला पाहिजे. तो थोडका असावा, म्हणजे पाळला जाईल. ई-मेलच्या खात्याचा पासवर्ड अन्य कोठेही वापरू नये. एका दुकानाच्या यादीतून चोरलेला पासवर्ड हजारो ठिकाणी लावून पाहणे हा चोरांचा आजचा सर्वांत स्वस्त उद्योग आहे. तो पासवर्ड लांब असावा. आपल्यालाच सुचलेले असंबद्ध चार-पाच शब्द पुरेत. त्या खात्याला दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी. फोनची आणि संगणकाची सुधारित आवृत्ती आली की ती टाळू नये. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभरातील रुग्णालये आणि कारखाने अडविले, तेव्हा त्यावरील उतारा कंपनीने दोन महिने आधीच, मार्च महिन्यात, उपलब्ध केला होता. ब्लॉग लिहिणाऱ्याने यांत दोन गोष्टींची भर घालावी. सजावटीसाठी जोडलेली अनोळखी उपकरणे काढून टाकावीत, कारण त्यांतील प्रत्येक म्हणजे परक्याला दिलेली किल्लीच होय. आणि लेखनाची एक प्रत वेगळ्या जागी, जमल्यास कागदावरही, ठेवावी. एवढे करूनही ज्याचे खाते जाईल, त्याला समाजाने दोष देता कामा नये.

उरलेले काम कायद्याचे आणि संस्थांचे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात सुरक्षिततेचे वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. त्याचे नियम प्रसिद्ध व्हायला मात्र २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य बंधनांसाठी तेव्हा आणखी अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. हा दंड सरकारी तिजोरीत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती चोरीस गेली त्याला त्यातून भरपाई मिळावयाची नाही. ही उणीव दूर व्हावी. बळकावलेले खाते मुदतीत परत मिळण्याचा हक्क नियमांत यावा. फसवून काढून घेतलेल्या रकमेचा भार दोन्ही बाजूंच्या बँकांवर विभागला जावा. या तिन्ही मागण्या संसदेच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या आवाक्यातील आहेत.

हे सारे मागत असताना एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. शिक्षक, कारकून आणि प्राध्यापक हे या व्यवहारात केवळ खातेदार नाहीत. ते रखवालदारही आहेत. शाळेच्या कपाटात आणि संगणकात शेकडो मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील पडून असतात. मुख्याध्यापकांचा पासवर्ड कारकुनाजवळ असतो, घाईच्या दिवसांत तो सायबर कॅफेवाल्याला दिला जातो, आणि विद्यार्थ्यांची समग्र यादी 'तातडीचे' म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर फिरते. ज्या मुलाची माहिती अशी गेली, त्याने कोणता पासवर्ड कोणाला सांगितला होता? बँकेने आणि कंपनीने उत्तरदायी असावे, ही अपेक्षा रास्त आहे. तोच न्याय शाळेच्या कार्यालयालाही लागू आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचे स्वतंत्र खाते द्यावे, त्यास त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, काम संपल्यावर याद्या नष्ट कराव्यात आणि माहिती गेलीच तर पालकांना त्याच दिवशी कळवावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही; मुख्याध्यापकांच्या सहीचे एक कार्यालयीन परिपत्रक पुरेसे आहे.